मोठ्या झुंजीचा पैसा कोणाच्या पदरात पडतो?

वाचकांचे प्रश्न : बॉक्सिंग

या वेळच्या पत्रांत दोन सूर आहेत. एकट्या बड्या बॉक्सरच्या अब्जावधींच्या झुंजींनी खेळाचं काय होतं, हा एक. त्या झुंजी मोबाइलवर पाहून ग्लोव्ह्ज मागणाऱ्या मुलांचं काय करायचं, हा दुसरा. दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे, म्हणून उत्तरं एकत्रच देत आहोत.

प्रश्न : मेवेदर किंवा कॅनेलोसारखा एकच बॉक्सर एका रात्रीत कोट्यवधी डॉलर घेऊन जातो. काही जण म्हणतात, त्याच्यामुळेच लोक बॉक्सिंग पाहतात. काही म्हणतात, त्यानेच खेळ खाल्ला. खरं काय? (एक वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर : पैसा मोठा असण्यात तोटा नाही. तो दोघांच्या खिशात संपतो तेव्हा तोटा होतो, आणि गेल्या वीसेक वर्षांत तो बहुतेकदा तिथेच संपला आहे.

२ मे २०१५ची मेवेदर–पॅकियाओ झुंज घ्या. लास व्हेगासच्या एमजीएम ग्रँडमध्ये झालेली ही झुंज अमेरिकेत ४६ लाख ग्राहकांनी पैसे भरून पाहिली. साध्या चित्राला सुमारे ९० डॉलर, एचडीला १००. म्हणजे घरबसल्या प्रेक्षकांकडूनच ४० कोटी डॉलरांहून जास्त, आणि हॉलच्या तिकिटांचे वर ७ कोटी. याला पे-पर-व्ह्यू म्हणतात : महिन्याची वर्गणी वेगळी, त्या एका रात्रीचे पैसे वेगळे. यातला मोठा वाटा आधी केबल आणि सॅटेलाइट कंपन्या कापून घेतात. एरवी तो निम्म्याच्या आसपास असतो. उरलेल्यातून वाहिनी, प्रमोटर (झुंज भरवणारा), जाहिरात यांचं भागतं आणि मग बॉक्सरांची वाटणी होते. इथे ती ६०-४० ठरली होती, मेवेदरला ६०. बॉक्सरच्या हाती आलेल्या रकमेतूनही ट्रेनर साधारण १० टक्के घेतो, मॅनेजरचा वाटा काही ठिकाणी एक तृतीयांशापर्यंत जातो आणि पट्ट्यासाठीची, म्हणजे जगज्जेतेपदाची झुंज असेल तर पट्टा देणारी संघटना साधारण ३ टक्के फी लावते.

आता त्याच रात्रीचं अंडरकार्ड, म्हणजे मुख्य झुंजीआधीच्या लढती पाहा. पैसे भरलेल्यांना त्या दोनच दिसल्या, लोमाचेंकोची आणि लिओ सांता क्रूझची. दोन्हींत समोरचा प्रतिस्पर्धी फारच हलका होता. एवढी माणसं टीव्हीसमोर बसलेली असताना पुढच्या पिढीची एकही अटीतटीची लढत त्यांना पाहायला मिळाली नाही. कारण उघड आहे. लोक मुख्य झुंजीसाठीच पैसे भरणार हे प्रमोटरला ठाऊक असतं, त्यामुळे अंडरकार्डवर घातलेला प्रत्येक डॉलर त्याला स्वतःच्या नफ्यातून गेल्यासारखा वाटतो.

आपल्याकडे जत्रेच्या फडात पहिल्या नंबरची कुस्ती कितीही मोठ्या इनामाची असो, दुपारपासून आधी पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या लागतात, मग थोड्या थोड्या वाढत्या इनामाच्या. पंचक्रोशीला पुढचा मल्ल त्याच फडात दिसतो. अंडरकार्डचं काम नेमकं हेच आहे. मनावर घेतलं तर ते होतंही. १४ सप्टेंबर २०१३ला मेवेदर–कॅनेलो झुंजीआधी डॅनी गार्सिया आणि लुकास मथिसे यांची खरोखर बरोबरीची लढत ठेवली होती आणि सुमारे २२ लाख ग्राहकांपर्यंत ती पोहोचली. कॅनेलो तेव्हा २३ वर्षांचा होता. तो हरला, तरी पुढचा मोठा तारा तोच झाला आणि २०१८ मध्ये डाझोन या स्ट्रीमिंग कंपनीशी त्याने ११ झुंजींचा ३६.५ कोटी डॉलरांचा करार केला. त्या रात्रीने खेळाला काहीतरी दिलं. २०१५च्या रात्रीने फार काही दिलं नाही.

दुसरा तोटा हळूहळू होतो, म्हणून चटकन लक्षात येत नाही. मेवेदर ऑक्टोबर १९९६ मध्ये व्यावसायिक झाला. त्याची पहिली पे-पर-व्ह्यू मुख्य झुंज जून २००५ मधली, आर्तुरो गाटीविरुद्धची. मधली जवळजवळ नऊ वर्षं लोकांनी त्याला नेहमीच्या प्रक्षेपणात पाहिलं आणि मग त्याच्यासाठी वेगळे पैसे मोजले. २००६ मध्ये साडेसात लाख डॉलर भरून त्याने टॉप रँक या प्रमोटर कंपनीच्या करारातून स्वतःला सोडवून घेतलं आणि पुढे तो स्वतःच्या झुंजींचा मालक झाला. प्रमोटरच्या हातातली वाटणी बॉक्सरने स्वतःकडे ओढली याचं आम्हाला मनापासून कौतुक आहे. ठोसे तोच खातो. पण त्याचं यश पाहून सगळ्यांनाच थेट शेवटच्या पायरीवर बसायचं होतं. चांगल्या लढती एकेक करून पे-पर-व्ह्यूच्या दाराआड गेल्या, नेहमीच्या प्रेक्षकाला उरलंसुरलं मिळू लागलं. ४५ वर्षं बॉक्सिंग दाखवणाऱ्या एचबीओ वाहिनीने २०१८च्या अखेरीस ते बंद केलं, शोटाइमने २०२३च्या अखेरीस. त्यांच्या निर्णयाला इतर कारणंही होती. तरी आज विशीतल्या मुलाला लोकांच्या डोळ्यांसमोर नऊ वर्षं वाढायला जागा उरलेली नाही, ही या खेळाची आजची सर्वांत मोठी अडचण आहे.

प्रश्न : मेवेदर आणि पॅकियाओ दोघंही भरात असताना ती झुंज का झाली नाही? (एक वाचक, बिबवेवाडी)

उत्तर : बोलणी २००९च्या अखेरीस सुरू झाली आणि रक्ततपासणीच्या अटींवरून फिसकटली. पुढे दोन प्रमोटरांचं वैर आणि दोन वेगवेगळ्या वाहिन्यांचे करार आडवे आले. झुंज झाली तेव्हा मेवेदर ३८ वर्षांचा होता आणि पॅकियाओ ३६चा. पॅकियाओची सगळी मदार आत घुसून चार-पाच ठोशांची सर लावून बाहेर पडण्यावर. ते पाय पस्तिशीनंतर तसे राहत नाहीत. त्यात उजव्या खांद्याची दुखापत. ती त्याने हरल्यानंतर सांगितली. पैसे भरलेल्या प्रेक्षकांनी फसवणुकीचे दावे लावले, कोर्टाने ते पुढे फेटाळले. दुर्दैव असं की उशीर केल्याने किंमत वाढते, म्हणून उशीर करणाऱ्यालाच फायदा होतो. किंमत शिगेला पोहोचते तेव्हा बॉक्सरचा भर ओसरलेला असतो.

प्रश्न : उसिकने सगळे पट्टे जिंकले आणि महिनाभरात एक गेला. हा काय प्रकार? (एक वाचक, हडपसर)

उत्तर : पट्टे देणाऱ्या मुख्य संघटना चार : डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ. प्रत्येकीची क्रमवारी वेगळी आणि प्रत्येकीचा अनिवार्य आव्हानवीर वेगळा. विजेत्याने ठरलेल्या मुदतीत त्याच्याशी लढायचं, नाहीतर पट्टा सोडायचा. १८ मे २०२४ला रियाधमध्ये टायसन फ्युरीला हरवून उसिक चारही पट्ट्यांचा पहिला हेवीवेट विजेता झाला. पण करारात फ्युरीशी पुन्हा लढायचं कलम होतं आणि आयबीएफचा आव्हानवीर थांबायला तयार नव्हता. जूनमध्ये उसिकने तो पट्टा सोडला आणि तोवर हंगामी विजेता असलेला डॅनियल ड्युबॉ न लढता पूर्ण विजेता झाला.

इथे आमचा कौल थोडा वेगळा आहे. यात नियम चुकीचा नाही. नियम नसता तर बड्या बॉक्सरने पट्टा वर्षानुवर्षं कपाटात ठेवला असता आणि खालचा पोरगा वाट पाहून म्हातारा झाला असता. खटकतं ते एवढंच की हाच नियम कोणाला कडक लागतो, कोणाला सवलतीने. शिवाय फीची गोष्ट आहेच : सप्टेंबर २०२५ मध्ये कॅनेलोला हरवणाऱ्या टेरेन्स क्रॉफर्डचा पट्टा डब्ल्यूबीसीने डिसेंबरमध्ये काढून घेतला, फी भरली नाही म्हणून.

प्रश्न : जेक पॉलसारखे यूट्यूबर रिंगमध्ये येतात. आमच्या कॉलेजात तर बॉक्सिंग म्हणजे तेच. याला बॉक्सिंग म्हणायचं? (एक विद्यार्थिनी, कर्वेनगर)

उत्तर : नियम वाचले की उत्तर मिळतं. १५ नोव्हेंबर २०२४ची जेक पॉल–माइक टायसन झुंज आठ फेऱ्यांची होती, पण फेरी तीनऐवजी दोन मिनिटांची आणि ग्लोव्ह्ज १० औंसांऐवजी १४ औंसांचे. टायसन ५८ वर्षांचा, पॉल २७चा. टेक्सासच्या सरकारी खात्याने तिला अधिकृत व्यावसायिक झुंज म्हणून मान्यता दिली, म्हणजे निकाल दोघांच्या कारकिर्दीत धरला गेला. आमच्या मते तो धरायला नको होता; प्रदर्शनीय सामना म्हणून करायला काहीच हरकत नव्हती. ५८ वर्षांच्या माणसाच्या डोक्याला लागणारा मार तरुणाच्या मारासारखा नसतो. वयाबरोबर मेंदू किंचित आक्रसतो, कवटीच्या आत मोकळी जागा वाढते आणि मेंदूवरच्या शिरांवर ताण येऊन त्या फाटण्याची भीती वाढते.

नियम वाकवणं फक्त यूट्यूबरांपुरतं नाही. २०१७ मध्ये मेवेदर–मॅकग्रेगर झुंजीला त्या वजनाचे १० औंसांचे ग्लोव्ह्ज सोडून ८ औंसांचे वापरायला नेवाडाच्या आयोगाने खास सूट दिली. मॅकग्रेगर एमएमएचा, म्हणजे मिश्र मार्शल आर्ट्सचा खेळाडू; त्याआधी तो एकही व्यावसायिक बॉक्सिंग झुंज खेळलेला नव्हता! अशा माणसासमोर ५० वी झुंज ठेवून आणि वर ग्लोव्ह्ज हलके करून आयोगाने कोणाची काळजी घेतली, हा प्रश्न आजही विचारायला हवा.

आता दुसरी बाजू. नेटफ्लिक्सच्याच आकड्यानुसार पॉल–टायसन जगभरात १० कोटींहून जास्त लोकांनी पाहिली. त्याच रात्री केटी टेलर आणि अमांडा सेरानो यांची लढत झाली : दोन-दोन मिनिटांच्या दहा फेऱ्या, सेरानोच्या भुवईवर मोठी जखम, आणि तरीही शेवटच्या घंटेपर्यंत दोघींपैकी कोणी मागे सरली नाही. महिलांची व्यावसायिक लढत एवढ्या लोकांसमोर त्याआधी कधी गेली नव्हती. आपला नीरज गोयतही त्याच अंडरकार्डवर लढून जिंकला. मुख्य झुंज हलकी होती, पण अंडरकार्ड मेवेदर–पॅकियाओच्या रात्रीपेक्षा सरस. कॉलेजातल्या मैत्रिणींना आधी टेलर–सेरानो दाखवा.

प्रश्न : अंडरकार्डवरच्या मुलाला मार लागला तर त्याची काळजी कोण घेतं? (एक वाचक, खडकी)

उत्तर : २ नोव्हेंबर २०१३ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, एका मोठ्या रात्रीच्या अंडरकार्डवर, मागोमेद अब्दुसलामोव दहा फेऱ्या लढून गुणांवर हरला. चेहरा सुजला होता, डोकं दुखत होतं. तो आणि त्याची माणसं टॅक्सी करून रुग्णालयात गेली. मेंदूत रक्तस्राव झालेला होता. जीव वाचला, पण चालणं गेलं आणि बोलणंही फारसं उरलं नाही. २०१७ मध्ये न्यूयॉर्क राज्याने कुटुंबाला २.२ कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं. त्याआधी २०१६ मध्येच राज्याने मेंदूच्या गंभीर दुखापतीसाठी प्रत्येक बॉक्सरमागे १० लाख डॉलरांचा विमा सक्तीचा केला. योग्यच केलं. मात्र हप्ता इतका महाग पडला की छोटे प्रमोटर तिथून बाहेर पडले आणि नवोदितांच्या छोट्या रात्री कमी झाल्या. मोठ्या झुंजींच्या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा या विम्याकडे वळवला, तर दोन्ही गोष्टी साधतील. आम्हाला सुचतो तो सर्वांत सरळ उपाय हाच.

अमेरिकेत २००० सालापासून मुहम्मद अलीच्या नावाचा कायदा आहे. झुंजीतून स्वतःला किती मिळणार हे प्रमोटरने बॉक्सरला सांगायचं आणि मॅनेजरने प्रमोटरशी आर्थिक साटंलोटं ठेवायचं नाही, हे त्यातलं मुख्य. एमएमएला तो लागू नाही.

प्रश्न : विजेंदर व्यावसायिक झाला तेव्हा वाटलं होतं, आपल्याकडेही लाट येईल. का आली नाही? (एक वाचक, येरवडा)

उत्तर : २००८च्या बीजिंग ऑलिंपिकचं कांस्य जिंकलेला विजेंदर सिंग २०१५ मध्ये व्यावसायिक झाला. जुलै २०१६ मध्ये दिल्लीत त्याने डब्ल्यूबीओचा आशिया-पॅसिफिक पट्टा जिंकला, ऑगस्ट २०१७ मध्ये मुंबईत वरळीला झुल्पिकार मैमैतियालीला हरवलं. हॉल भरले. पण शिडीला वरची एकच पायरी होती, खालच्या नव्हत्याच. ब्रिटनमध्ये नवा बॉक्सर छोट्या हॉलमध्ये चार-चार फेऱ्यांच्या लढती खेळतो, बऱ्याचदा स्वतःच ओळखीच्यांत तिकिटं विकतो आणि त्यातून प्रतिस्पर्ध्याचं मानधनही भागवतो. असे दर महिन्याला भरणारे छोटे हॉल आपल्याकडे नाहीत.

शिवाय हौशी बॉक्सिंगमध्ये पदक मिळालं की सैन्य, रेल्वे, पोलीस अशी वाट दिसते. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. हे सोडून चार फेऱ्यांच्या लढतीच्या भरवशावर कोण राहील? पुण्यात तर आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट आणि बालेवाडीचं क्रीडासंकुल आहे, आणि पुण्याच्याच देविका घोरपडेने २०२२ मध्ये स्पेनमध्ये युवा जागतिक स्पर्धेचं सुवर्ण जिंकलं, ५२ किलोत. इथल्या मुलासाठी आज हीच वाट खरी आहे. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये बॉक्सिंग राहणार हेही मार्च २०२५ मध्ये नक्की झालं.

प्रश्न : मुलगा १४ वर्षांचा. मेवेदरचे व्हिडिओ पाहून डावा हात कमरेशी ठेवून उभा राहतो. सर ओरडतात, तो ऐकत नाही. सर जुन्या विचारांचे आहेत का? (एक पालक, वानवडी)

उत्तर : सर बरोबर आहेत. या पवित्र्याला शोल्डर रोल म्हणतात. डावा खांदा वर उचलून हनुवटीला भिडवायचा, डावा हात पोटाशी आडवा, उजवा तळहात गालापाशी. समोरच्याचा उजवा सरळ ठोसा आला की कमरेतून उजवीकडे वळायचं. ठोसा खांद्यावरून घसरून जातो आणि आपला उजवा हात भरलेल्या स्थितीत तयार राहतो. यात काम खांद्याचं दिसतं, पण असतं ते मागच्या पायाचं आणि कमरेचं. मुलं खांदा तेवढा उचलतात, कमर वळतच नाही, आणि ठोसा कानशिलावर बसतो. दुसरी चूक उजव्या हाताची : तो गालावरून चार बोटं जरी खाली आला तरी समोरच्याचा डावा हुक, म्हणजे बाजूने वळून येणारा ठोसा, थेट जबड्यावर. तिसरी गोष्ट म्हणजे डावखुरा प्रतिस्पर्धी. त्याचा डावा सरळ ठोसा खांद्याच्या आडोशाबाहेरून, उघड्या बाजूने येतो. २००६ मध्ये डावखुऱ्या झॅब जुडासमोर सुरुवातीच्या फेऱ्या खुद्द मेवेदरला जड गेल्या होत्या.

मेवेदरकडे समोरच्याला वाचायला बारा फेऱ्या, म्हणजे ३६ मिनिटं असतात. ज्युनियर गटात दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या. सहा मिनिटांत दोरांना टेकून ठोसे घसरवत बसलेला मुलगा पंचांना निष्क्रिय दिसतो आणि फेरी जाते.

घरी एवढं करा. हनुवटी आणि छातीच्या मधे टेनिस बॉल धरून आरशासमोर दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या शॅडो (हवेत ठोसे मारण्याचा सराव), मधे एक मिनिट विश्रांती. बॉल पडला की हनुवटी वर गेली. दोन्ही मुठी गालाच्या हाडाशी. जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मारून मूठ ज्या रेषेत गेली त्याच रेषेत परत यायला हवी. बहुतेक मुलांची ती खाली झोका घेत येते.

स्पारिंगची, म्हणजे जोडीदाराशी सरावाच्या लढतीची घाई नको. पहिले काही महिने पाय आणि पॅडच. स्पारिंगला हेडगार्ड, दात सांभाळणारं गमशील्ड आणि १४ ते १६ औंसांचे ग्लोव्ह्ज. डोक्याला मार लागून लढत थांबली तर हौशी नियमांत किमान ३० दिवस सक्तीची विश्रांती असते, तीन महिन्यांत दोनदा झालं तर ९० दिवस, वर्षात तीनदा झालं तर पूर्ण वर्ष. सरावात मार लागला तरी हेच पाळा. उलटी, झापड, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, प्रकाश सहन न होणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे. आणि व्यावसायिकांसारखं पाणी तोडून वजन उतरवू देऊ नका. त्यांचं वजन आदल्या दिवशी होतं, भरपाईला दिवसभर मिळतो; मुलांचं लढतीच्याच दिवशी सकाळी होतं.

प्रश्न : बॅगवर मारल्यावर मनगट दुखतं. ग्लोव्ह्ज महागाचे घेतले तरी फरक नाही. (एक वाचिका, औंध)

उत्तर : ग्लोव्ह्ज सोडा, बँडेज पाहा. साडेचार मीटरचं घ्या. अडीच मीटरचं प्रौढ हाताला पुरत नाही. अंगठ्यात फास अडकवून मनगटाला तीन वेढे, तळहातावरून बोटांच्या सांध्यांवर तीन वेढे, मग बोटांच्या बेचक्यांतून एकेक, पुन्हा मनगटावर येऊन संपवायचं. गुंडाळताना बोटं फाकवून ठेवा, नाहीतर मूठ वळल्यावर बँडेज आवळतं आणि हात बधिर होतो. तरीही दुखलं तर हुक मारताना मूठ मनगटातून आत दुमडते का ते कोणाला तरी बाजूने पाहायला सांगा. ठोसा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या सांध्यांवर बसला पाहिजे.

प्रश्न : पुढची मोठी झुंज नीट समजून पाहायची आहे. कधी लावायची, काय पाहायचं? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : लास व्हेगासची शनिवार रात्र म्हणजे आपली रविवार सकाळ, उन्हाळ्यात फरक साडेबारा तासांचा, हिवाळ्यात साडेतेरा. रियाधची मुख्य झुंज आपल्याकडे पहाटे तीन-साडेतीनला लागू शकते. कागद घ्या. प्रत्येक फेरी जिंकणाऱ्याला १०, दुसऱ्याला ९; कोणी खाली पडला तर बहुधा १०-८. समालोचनाचा आवाज बंद करून फेरी संपताच आकडा लिहा, नंतर खोडू नका. २०१३ मध्ये मेवेदरने कॅनेलोला सहज हरवलं असं जवळपास सगळ्यांना दिसत असताना एका पंचाने ११४-११४ दिले होते, तेव्हा पंचांशी आकडे जुळले नाहीत म्हणून खचू नका. आणि मुख्य झुंजीच्या वेळेला टीव्ही लावू नका. दोन-तीन तास आधी, अंडरकार्डची पहिली घंटा होते तेव्हा लावा.